रणगाडा हुकला, निशाण सापडलं
ब्रिटिशांची १९३७ची रणगाडाभेदी ‘बॉइज’ रायफल पुढे निकामी ठरली: वजन सुमारे १६ किलो, खांद्याला जबर धक्का, आणि रणगाड्यांचं चिलखत तर जाडच होत गेलं! पण ऑगस्ट १९४२मध्ये माकिन बेटावर अमेरिकी सैनिकांनी तिनेच, मशीनगनच्या जोडीने, जपान्यांची दोन विमानं नष्ट केली. चिलखत भेदेना तेव्हा रशियन सैनिकही १४.५ मिलिमीटरच्या रायफलींनी रणगाड्यांच्या पाहणीफटी टिपत. हा निव्वळ नाइलाज, असं कुणी म्हणेल. नाइलाज होताच, पण लक्ष्य अचूक निवडलेलं होतं. विमानाला, रडारला कुठलं आलंय चिलखत? तिरुचिरापल्लीत बनणारी आपली ‘विध्वंसक’ रायफल मुद्दाम अशाच कामासाठी घडवली आहे.