‘फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमॉन्ट हाय’ : एका चावट चित्रपटाचे गुणदोष

शाळकरी मुलांच्या उनाडपणावरील चावट विनोदी चित्रपट हा अमेरिकेतील चित्रव्यवसायाचा एक किफायतशीर माल आहे. त्याचा साचा ठरलेला. चार-दोन व्रात्य मुले, त्यांच्या डोक्यात अष्टौप्रहर घोळणारा एकच विषय, त्यासाठी चाललेल्या त्यांच्या खटपटी, त्यात उडणारी फजिती. आणि मुली म्हणजे या साऱ्या धावपळीचे केवळ निमित्त. बॉब क्लार्क यांचा ‘पोर्कीज’ हा या साच्याचा अर्कच म्हणावा लागेल. १९८२ साली अमेरिकेत त्याने दहा कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला, आणि अभिरुचीचा प्रश्न तिकीटबारीपुरता तरी निकालात निघाला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमॉन्ट हाय’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. जाहिरातींवरून तोही त्याच पंगतीतला वाटावा, आणि काही अंशी तो त्याच पंगतीतला आहेही. परंतु त्याचा जन्म निराळ्या घरी झाला होता. कॅमेरॉन क्रो हा तरुण पत्रकार कोवळ्या वयापासून संगीतविषयक नियतकालिकांतून लिहीत असे. बाविसाव्या वर्षी, खरी ओळख लपवून, तो कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील एका शाळेत विद्यार्थी म्हणून वावरला. तेथे जे पाहिले-ऐकले, त्याचे पुस्तक १९८१ मध्ये निघाले आणि त्यावरून पटकथाही त्यानेच लिहिली. दिग्दर्शन एमी हेकरलिंग यांच्याकडे आले. हा त्यांचा पहिलाच मोठा चित्रपट. हे काम एका स्त्रीच्या हाती गेले नसते तर काय झाले असते, याची कल्पना ‘पोर्कीज’ पाहिलेल्यास सहज करता येईल.

चित्रपट उघडतो तो शाळेत नव्हे, बाजारात. छपराखालचा भव्य मॉल, त्यात पिझ्झाचे दुकान, चित्रपटगृह, कपड्यांची दालने. आणि जिकडेतिकडे काम करणारी शाळकरी मुले. हीच या चित्रपटाची पहिली खरी सूक्ष्मता. या मुलांना वर्गात कोणी विचारीत नाही, पण गल्ल्यावर मात्र त्यांना मोठ्या माणसांसारखे वागावे लागते. आईबाप जवळजवळ पडद्यावर येतच नाहीत. मुले एकमेकांकडूनच सारे शिकतात, आणि शिकविणारेही तितकेच अडाणी असतात. माइक डॅमोन हा कार्यक्रमांची तिकिटे काळ्या बाजारात विकणारा पोरगा मुलींशी कसे वागावे याचे पाच कलमी व्याख्यान आपल्या भाबड्या मित्राला देतो. लिंडा आपल्या मैत्रिणीला प्रेमातील अनुभवाच्या गोष्टी सांगते आणि शिकागोत राहणाऱ्या वाङ्‌निश्चित वराचा हवाला देते. तो वर शेवटपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

लिंडाची ही मैत्रीण म्हणजे पंधरा वर्षांची स्टेसी. जेनिफर जेसन ली या अभिनेत्रीने ती इतक्या निरागसपणे उभी केली आहे की पाहणारा अस्वस्थ व्हावा. मोठे होण्याच्या घाईत ती दुकानात आलेल्या एका सव्वीस वर्षांच्या माणसाला आपले वय एकोणीस सांगते. जे घडते त्यात ना प्रणय आहे, ना आनंद. अशा प्रसंगी नेहमीचा चित्रपट मुलीकडे पाहत राहिला असता. हेकरलिंग यांचा कॅमेरा मुलीच्या नजरेने वर पाहतो आणि त्याला दिसते ते छतावर कोणीतरी खरडलेले लिखाण. एवढ्या एका निवडीने प्रसंगाचा अर्थ पालटतो. तो माणूस फुले पाठवितो आणि नंतर नाहीसा होतो.

पुढे स्टेसी डॅमोनच्या नादी लागते आणि तिला दिवस जातात. निम्मा खर्च द्यायचा आणि दवाखान्यात पोहोचवायचे, एवढेच त्याने कबूल केलेले असते. तेही त्याच्याच्याने होत नाही. तिकिटांच्या धंद्यातला हा बहाद्दर चार ठिकाणी फोन करून उधारी वसूल करू पाहतो आणि मग घरीच बसून राहतो. स्टेसी भावाला खोटेच सांगते की तिला बोलिंग खेळायला सोड. भाऊ तिला सोडतो आणि आरशातून पाहतो, तो ती रस्ता ओलांडून दवाखान्यात शिरते. ती बाहेर येते तेव्हा तो गाडीशी उभा असतो. आईबाबांना सांगणार नाहीस ना, असे ती विचारते. तो नाव विचारतो, ती सांगत नाही, आणि तो पुन्हा विचारीत नाही. भूक लागली आहे का, एवढेच पुसतो. रडारड नाही, प्रवचन नाही, पार्श्वसंगीताचा कल्लोळ नाही. १९७३ च्या निकालाने अमेरिकेत गर्भपाताच्या हक्काला घटनात्मक संरक्षण दिले होते; २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते काढून घेतले. त्यामुळे आज या साध्या प्रसंगाकडे पाहताना त्याचा साधेपणाच डोळ्यांत भरतो. मुलीला तेथे कोणी अडविलेले नाही आणि चित्रपटानेही तिला शिक्षा केलेली नाही.

हा भाऊ म्हणजे ब्रॅड. जज राइनहोल्डने केलेली ही भूमिका विनोदी खरी, पण तिच्यात नोकरदार माणसाची सारी कुचंबणा आहे. बर्गरच्या दुकानात गिऱ्हाइकाशी खटका उडून त्याची नोकरी जाते. मग मासळीच्या दुकानात चाचेगिरीचा वेश चढवून हिंडावे लागते. ते असह्य होऊन तो तेथूनही बाहेर पडतो आणि शेवटी किरकोळ मालाच्या दुकानात रात्रपाळीला लागतो.

आता दोषांकडे वळले पाहिजे, कारण ते थोडेथोडके नाहीत. याच ब्रॅडच्या दिवास्वप्नाचा तरणतलावाचा प्रसंग सर्वांत गाजला, आणि तोच सर्वांत सवंग आहे. त्याचा शेवट ब्रॅडच्या फजितीत होतो, हे समर्थन पुरेसे नाही. फजितीपूर्वी कॅमेऱ्याने त्याच्याइतकीच हौस भागवून घेतली आहे. परीक्षण मंडळाने चित्रपटाला प्रथम केवळ प्रौढांसाठीचा अत्यंत कडक दाखला दिला होता, आणि तो बदलून घेण्यासाठी कात्री लागली ती पुरुषदेहाच्या दर्शनाला. स्त्रीदेहाचे दर्शन मात्र सुखरूप राहिले. हा दोष दिग्दर्शिकेचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक, हे मान्य करूनही पडद्यावर दिसते ते दिसतेच. काही विनोद निव्वळ पाचकळ आहेत. कथानकाचे तुकडे एकमेकांना नीट सांधलेले नाहीत; स्टेसीच्या दुःखावरून चित्रपट इतक्या झपाट्याने थट्टेकडे उडी मारतो की आधीचा प्रसंग खरेच घडला की काय, अशी शंका यावी. शेवटी पात्रांच्या भवितव्याविषयी जी विनोदी वाक्ये पडद्यावर उमटतात, ती तर त्या पात्रांवरची श्रद्धाच डळमळीत करतात. रॉजर एबर्ट या नामवंत समीक्षकाने त्या वेळी चित्रपटाला चारांपैकी एकच तारा दिला. गोड, कोवळ्या मुलीला अशा ओंगळ विनोदाच्या चिखलात का ढकलले, हा त्याच्या संतापाचा रोख होता. तो संताप अनाठायी म्हणता येत नाही, तथापि त्या चिखलात ती मुलगीच एकटी माणूस म्हणून दिसते, हे त्याच्या नजरेतून निसटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २००५ मध्ये या चित्रपटाचा समावेश झाला.

विनोदाच्या दृष्टीने पाहिल्यास यातील सर्वांत अस्सल भाग म्हणजे जेफ स्पिकोली आणि त्याचे इतिहासाचे शिक्षक मिस्टर हँड यांची झुंज. शॉन पेनने रंगविलेला स्पिकोली हा लाटांवर फळी घेऊन खेळण्यात आणि नशेत बुडालेला पोरगा. रे वॉल्स्टन यांनी केलेले मास्तर म्हणजे कडक इस्त्रीचा कायदा. स्पिकोली भर वर्गात पिझ्झा मागवितो, तर मास्तर शांतपणे तो साऱ्या वर्गाला वाटून टाकतात. वर्षअखेरीस, शाळेच्या नृत्यसमारंभाच्या रात्री, स्पिकोली नटूनथटून निघत असताना मास्तर थेट त्याच्या खोलीत येऊन उभे राहतात. वर्षभरात पोराने त्यांचे जे तास वाया घालविले त्यांचा हिशेब त्यांनी ठेवलेला असतो, आणि आता तितका वेळ ते वसूल करणार असतात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा धडा सुरू होतो. पोरगा जेफर्सनचे म्हणणे आपल्या रांगड्या बोलीत कसेबसे सांगतो आणि ते बरेचसे बरोबर निघते. जाताना मास्तर त्याला सूचित करतात की तो बहुधा पास होईल. दरवर्षी माझ्यासारखा एखादा तुम्हांला सापडतोच का, असे तो विचारतो. पुढच्या वर्षी कळेल, असे सांगून मास्तर दार ओढून घेतात.