‘श्यामची आई’ आणि आमचे प्रेक्षक



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि कामगार चळवळीतल्या माणसाने सतरंजीवर बसून ऐकावे, अशी वहिवाट आहे. ती मोडून चालकांनी आम्हांस येथे उभे केले, याबद्दल त्यांचे आभार. आमचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा चित्रपटाच्या कलेवर आम्ही बोलणार नाही. चित्रपट पाहणाऱ्या माणसांवर बोलणार आहोत.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. 1935 साली ती प्रसिद्ध झाली. आचार्य अत्रे यांनी 1953 साली तिचा बोलपट केला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पारितोषिके सुरू झाली आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या मराठी बोलपटाला मिळाले. ते पाहावयास गुरुजी मात्र नव्हते. 11 जून 1950 रोजीच ते गेले होते. 2023 साली सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला, तोही रंगीत न करता कृष्णधवल.

अमरावती, बडनेरा, अकोला या बाजूच्या कामगार वस्त्यांत आम्ही 1953 चा बोलपट पुष्कळदा दाखविला. टॉकीजचे दिवस सरले. अमरावतीत राजकमल आणि चित्रा ही नावे आता चौकांची म्हणूनच लोकांच्या तोंडी आहेत. आमचे थिएटर म्हणजे समाजमंदिराची भिंत आणि तिच्यावर ताणलेली पांढरी चादर. पण माणसे येतात, मुले तर आधी येतात. त्यांच्या प्रतिक्रियांत आम्हांला तीन तऱ्हा आढळल्या.

पहिली तऱ्हा शिकलेल्या पालकांची. ते म्हणतात, “गोष्ट मुलांची, पण चित्रपट फार उदास. लहान जिवांना इतके रडवू नये.” ही तक्रार केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत मॉरिस सेंडॅक यांनी 1963 साली एक चित्रपुस्तक काढले. शिक्षा म्हणून उपाशी निजायला धाडलेला एक द्वाड मुलगा मनाने विचित्र प्राण्यांच्या बेटावर जातो, त्यांचा राजा होतो आणि परत येतो, एवढीच ती गोष्ट. वाक्ये मोजकीच. 2009 साली स्पाइक जोन्झ यांनी तिचा चित्रपट केला, तेव्हा तेथील पालकांनीही असेच म्हटले की हे मुलांसाठी नाही, फार खिन्न आहे. आणि डोळे पुसत बाहेर आले त्यांत मोठी माणसेच पुष्कळ होती.

दुसरी तऱ्हा आमच्या जुन्या गिरणी कामगारांची. आमच्या भागातल्या जुन्या कापडगिरण्या बंद पडल्या. तेथे आयुष्य घालविलेली ही माणसे. कोकणातल्या माडांचे त्यांना काही वाटत नाही. वऱ्हाडात माड कोठे आहेत? पण कर्जाची गोष्ट निघाली की सारी वस्ती गप्प होते. सावकार, तगादा, घरावरची जप्ती यांचा अर्थ येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कापसाच्या या मुलखात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले आहेत. त्या घरांतली माणसेही चादरीसमोर बसलेली असतात. आई मरते तेव्हा सगळेच रडतात. पण आमचे लोक त्याच्या कितीतरी आधी रडू लागतात.

तिसरी तऱ्हा मुलांची, आणि तीच आम्हांला मोलाची वाटते. मुले रडतात, पण थोडे. मग विचारतात. बडनेऱ्याला एका नऊ-दहा वर्षांच्या पोराने विचारले, “भाऊ, त्या सावकाराले कोणी हटकलं काऊन नाही?” अकोल्याला एका विडीकामगार बाईच्या तरुण मुलीने त्याहून कठीण प्रश्न टाकला, “त्या माउलीनं सोसलं म्हणून ते मोठी झाली. मंग आमच्या मायनं बी सोसतच राहावं काय?”

या दोन प्रश्नांना आम्ही जी उत्तरे दिली, ती आपल्यापुढे ठेवतो.

त्या मुलीला आम्ही पुस्तकातलाच एक प्रसंग सांगितला. एका म्हाताऱ्या महारणीची लाकडाची मोळी रस्त्यात पडते. तिला हात लावायला कोणी तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन स्नान कर. त्या काळी, त्या घरात ती माउली एवढेच पाऊल टाकू शकली. स्नान तिलाही सुटले नाही. पण मुलगा तेथे थांबला नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून 1 मे 1947 रोजी साने गुरुजी उपोषणास बसले आणि दहा दिवसांनी ते थांबले ते दार उघडल्यावरच. ज्याला लोक हळवा, रडका म्हणत, त्याने हे केले. म्हणून, बाई गं, आईवर प्रेम करणे म्हणजे आई थांबली तेथेच थांबणे नव्हे. तिचे सोसणे आपण सोसत बसलो, तर तिचा धडा अर्धाच शिकलो.

त्या पोराला सांगितले, बाबा, हटकले आहे. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतेच जाळली, आणि 1879 साली सरकारला शेतकऱ्यांच्या बचावाचा कायदा करावा लागला. आज महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे. बेकायदा सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अर्ज केला की काम झाले असे नाही. खेटे घालावे लागतात, पुरावा जमवावा लागतो, साक्षीला शेजारी उभा राहावा लागतो. गाडी अडते ती या शेजाऱ्यापाशीच. चादरीवरच्या आईसाठी रडणारा माणूस दाराशेजारच्या आईसाठी साक्ष द्यायला उठत नाही.

तेव्हा मुलांना उदास चित्रपट दाखवावा की नाही, या वादात आमचे मत स्वच्छ आहे. जरूर दाखवावा. आमच्या वस्तीतल्या मुलांपासून दुःख लपवून ठेवणे कोणाच्याही हातचे नाही. ते त्यांच्या घरातच नांदते. चित्रपट त्या दुःखाला नाव देतो आणि चारचौघांत ते बोलता येते, हा त्याचा उपकार. मात्र दिवे लागल्यावर मुलांना लगेच घरी पिटाळू नये. अर्धा तास सतरंजीवर बसू द्यावे आणि विचारू द्यावे. मोठ्यांनी डोळे जरूर पुसावेत, पण त्या प्रश्नांना उत्तर देण्याची तयारी ठेवावी.