शाळेचे बारा संगणक
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)

बाईंनी 'दोनच मिनिटं बोल' असं बजावलंय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. २०१७ साली आपल्या बॅचने वर्गणी काढून शाळेला बारा संगणक दिले. ते आजही चालतात. मघाशी मी स्वतः सुरू करून पाहिले. एकाचा स्पेसबार तेवढा अडकतो. पण सर म्हणाले, "आता ते बाद करायचे आहेत."

का? तर त्यांच्यावर विंडोज १० आहे आणि मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. विंडोज ११ टाकावं, तर इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आपले सातव्या पिढीचे. याच यंत्रांवर मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. आधार क्रमांक, बँक खाती, सगळं त्यात. त्यामुळे 'चालतंय तोवर चालवू' हेही मला पटत नाही.

पण म्हणून भंगारात? आपण जतची माणसं. बोअरची मोटर जळली तर भरून आणतो, लगेच नवी घेत नाही.

कंपनी ऐकतच नाही, असं समजू नका. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्ये संपला होता. तरी मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याच मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी दुरुस्ती दिली. २०२५ मध्ये युरोपातल्या ग्राहक संघटनांनी तगादा लावला आणि तिथल्या घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष दुरुस्त्या फुकट मिळाल्या. मागणारे होते, म्हणून मिळालं.

शिक्षणसंस्थांना सवलत आहे: एका संगणकाला पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. बारा संगणकांचे तीन वर्षांचे ८४ डॉलर. एवढे तर या मांडवातच जमतील! अडचण पैशांची नाही. त्यासाठी संस्थेच्या नावाने परवान्याचा करार लागतो, आणि त्या कागदपत्रांत आपल्यासारखी शाळा अडकते. शिवाय तीन वर्षांनंतर पुन्हा तेच.

म्हणून कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदा मी आणलाय. मागण्या दोनच: ग्रामीण शाळांना ही सवलत कराराशिवाय थेट मिळावी, आणि मुदत तीन वर्षांपुढे वाढवावी. उत्तर काय येईल, मला माहीत नाही. नकार आला तर लिनक्स टाकून द्यायला मी दिवाळीत चार दिवस येतो. सर, तोवर संगणक बाद करू नका, एवढी विनंती.

कागद ग्रंथालयाच्या टेबलावर आहे. पंगतीला बसण्याआधी सह्या करा. पेन मात्र आपापला आणा.