डॉ. प्रफुल्लकुमार सेन : शल्यक्रियेतील एक संशोधक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त धनज येथे झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



फेब्रुवारी १९६८. मुंबईच्या परळ भागातील के.ई.एम. रुग्णालयात २७ वर्षांचा एक शेतकरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. त्याच्या हृदयाचे स्नायू निकामी झाले होते आणि कोणतेही औषध उरले नव्हते. रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका तरुणीचे हृदय त्याच्या छातीत बसविण्यात आले. ते धडधडू लागले. मात्र सुमारे तीन तासांनी रुग्ण दगावला. भारतातील, किंबहुना आशियातील हे पहिले मानवी हृदयारोपण होते आणि जगातील सहावे. शल्यविशारद होते डॉ. प्रफुल्लकुमार सेन.

१९१५ साली कलकत्त्यात जन्मलेले डॉ. सेन १९३८ मध्ये मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाले. या महाविद्यालयाची जडणघडण लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९२६ साली ते सुरू झाले, तेव्हा अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. पारतंत्र्याच्या काळात ही अट लहान नव्हती. पुढे डॉ. सेन अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकून परतले आणि आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी परळच्या त्याच सार्वजनिक रुग्णालयात वेचली.

त्या काळी हृदयरोग हा केवळ श्रीमंतांचा रोग नव्हता. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, सांधे सुजायचे, घरचे लोक दुर्लक्ष करीत आणि विशीत त्या मुलाला चार पावले चालताना धाप लागायची. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसलेली असे. ती झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया डॉ. सेन यांच्या विभागात होऊ लागल्या आणि गोरगरिबांच्या मुलांना त्यांचा लाभ मिळाला. हृदयारोपणाची प्रसिद्धी मोठी असली, तरी कार्य म्हणून या शस्त्रक्रियांचे मोल अधिक, असे म्हणावे लागेल.

त्यांची संशोधकदृष्टी विलक्षण होती. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा बराचसा स्नायू आतील पोकळीतूनच थेट रक्त घेतो. मग ज्या माणसाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत, त्याच्या हृदयस्नायूत सुईने बारीक छिद्रे पाडून तसेच रक्त पोचविता येईल काय? हा विचार त्यांनी १९६५ साली जगापुढे मांडला. पुढे पाश्चात्त्य देशांत याच कल्पनेवर लेसर किरणांची शस्त्रक्रिया उभी राहिली. १९६५ सालीच के.ई.एम.मध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसविण्याचा देशातील पहिला प्रयत्नही झाला. या प्रयोगशील माणसाला चित्रकलेचाही छंद होता.

हृदयारोपणापूर्वी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर दीर्घकाळ प्रयोग झाले, हे येथे झाकून ठेवता येणार नाही. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाला ही गोष्ट बोचणारच आणि बोचावीही. औषधदानाची थोरवी आपण सांगतो; त्या औषधामागे कोणाची वेदना आहे, हा प्रश्नही त्याच श्रावकाने विचारावयाचा आहे. त्याचे सोपे उत्तर नाही.

केपटाउनला डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी पहिले हृदयारोपण केले, तो रुग्ण १८ दिवस जगला. मुंबईचा रुग्ण काही तासांतच का गेला? दीर्घ आजाराने त्याच्या फुप्फुसांतील रक्तदाब फार वाढला होता. जुने हृदय हळूहळू त्या दाबाला सरावलेले असते. परक्या शरीरातून नुकत्याच आलेल्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला तो भार एकाएकी पेलवत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉ. सेन यांनी दुसरे हृदयारोपण केले. तो रुग्ण सुमारे १४ तास जगला. त्यानंतर त्यांनी हा मार्ग थांबविला. जगभर अनेकांनी तेच केले, कारण परके हृदय शरीर स्वीकारीत नव्हते आणि त्यावरचे सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० च्या दशकात हाती आले.

दुसरी अडचण कायद्याची होती. मेंदू मृत झाला, पण हृदय चालू आहे, अशा व्यक्तीला मृत मानावे काय, याविषयी देशात कायदाच नव्हता. डॉ. सेन आणि त्यांचे सहकारी केवळ वैद्यकीय विवेकाच्या बळावर उभे होते. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने १९९४ मध्ये संमत केला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. परळच्या त्या रात्रीला तोवर २६ वर्षे लोटली होती.

डॉ. सेन यांच्या तालमीत तयार झालेले डॉ. गुरुकुमार परुळकर यांनी के.ई.एम.मधील हृदयशल्यक्रियेची परंपरा पुढे चालविली. १९९८ साली त्यांनाही पद्मभूषण मिळाले. आज आपल्या विदर्भासाठी नागपूरला अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. मेंदूमृत्यू झालेल्या व्यक्तीचे नातेवाईक होकार देतात, तेव्हा कोणत्या रुग्णाचा क्रम आहे, हे तेथील प्रतीक्षायादीवरून ठरते. ती तरुणी रेल्वेतून पडली, त्या दिवशी अशी यादीही नव्हती आणि तिच्या आप्तांना विचारणारा कायदाही नव्हता.