बाईंचा डावा हात



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठी शिकले, त्याच शाळेत, ज्यांनी ती शिकविली त्या बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ बोलण्याचा आज योग आला आहे. मराठी गद्याविषयी मी काही बोलेन अशी संयोजकांची अपेक्षा असावी. मी कळविलेला विषय वाचून त्यांनी दूरध्वनी केला आणि संकोचाने विचारले, "हा विषय शाळेत बरा दिसेल ना?" दिसो वा न दिसो, बाईंच्या नावाच्या व्याख्यानात तो टाळता येणार नाही, असे मी त्यांना सांगितले.

१९६४ साली मी आठवीत होते. त्या वर्षी बाई काही महिने रजेवर गेल्या. "मोठे दुखणे आहे, मुंबईला नेले आहे," एवढेच आमच्या कानी आले. परत आल्या त्या बऱ्याच वाळलेल्या. आणि फळ्यावर त्या डाव्या हाताने लिहू लागल्या. उजवा हात सदैव पदराखाली. सुरुवातीची ती अक्षरे तिरपी पडत, ओळ खाली घसरे. मधल्या सुट्टीत आम्ही मुली त्या अक्षरांची नक्कल करून हसत असू. सर्वांत हुबेहूब नक्कल माझी असे.

त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता, परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाले होते, हे मला फार वर्षांनी कळले. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. बुऱ्हाणपूर मुंबईच्या लोहमार्गावर असल्यामुळे सुमारे पाचशे किलोमीटरचा हा प्रवास आपल्या गावातील अनेक घरांना ठाऊक आहे. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळाही ठाऊक आहे. त्या काळच्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढीत, आणि वर किरणांचा मारा होई. बाईंचा हात त्यानंतर सुजला तो सुजलाच. निवृत्तीपर्यंत त्यांनी डाव्या हाताने लिहिले आणि आम्ही एकीनेही कधी कारण विचारले नाही.

२०११ साली तोच आजार मला झाला, डाव्या बाजूला. एका मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली आणि मग पाच आठवडे, पंचवीस वेळा किरण घेतले. अखेरच्या दिवशी तेथील मंडळींनी हसतमुखाने सांगितले, "आता तुम्ही मोकळ्या झालात." मी पेढे वाटले. पुढे काय काय होऊ शकते, हे मला कोणीही सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

आपल्याकडे किरणोपचाराला लोक 'शेक' म्हणतात. भाषेच्या अभ्यासकाला हा शब्द विचार करायला लावतो. शेक म्हटला की विस्तव विझताच तो संपला, असे आपण धरून चालतो. हा शेक मात्र यंत्र बंद झाल्यावरही शरीरात आपले काम करीत राहतो. त्वचेचा काळसरपणा काही महिन्यांत ओसरतो, पण आतील मऊ पेशीजाल हळूहळू घट्ट, तंतुमय होऊ लागते. छातीवर आखूड झालेले पोलके चढविल्यासारखी ओढ लागते. खांदा आखडतो, वेणी घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना ते कळते. काहींना उपचारानंतर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला आणि धाप लागते, कारण किरणांचा थोडा अंश फुप्फुसापर्यंत पोचलेला असतो. बरगडी दुखते. आजार डाव्या बाजूचा असेल तर हृदय जवळ असते, म्हणून रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांवर आयुष्यभर नजर ठेवावी लागते. आणि थकवा! तो झोपेने जात नाही. घरच्यांना तो आळस वाटतो. काही दिवसांनी आपल्यालाही तसेच वाटू लागते.

हाताच्या सुजेबद्दल मात्र मला सविस्तर बोलावयाचे आहे. ती उपचारानंतर काही महिन्यांनी येते, कधी काही वर्षांनी. माझी तिसऱ्या वर्षी आली. तिचे कारण समजावून घ्यायला आपल्या गावासारखे दुसरे गाव नाही. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेला आपला कुंडी भंडारा आठवा. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुंडीमागून कुंडीतून, केवळ उताराने गावापर्यंत येते. शरीरातही लसीका नावाचा द्रव असाच संथपणे वाहतो आणि काखेतील ग्रंथी या त्याच्या कुंड्या होत. काही कुंड्या शस्त्रक्रियेने गेल्या, उरलेल्या वाटा किरणांनी अरुंद केल्या, की द्रव मागे तुंबतो. भंडाऱ्याच्या भिंतींवर चुन्याचे थर साचून वाट अरुंद होते, तसेच हे.

तुंबलेले पाणी जोर लावून पुढे जात नाही. मालीशवालीकडून हात रगडून घेण्याची चूक मी केली आणि सूज वाढली. फिजिओथेरपिस्टने पुढे जे शिकविले ते इतके हलके होते की प्रथम मला ती थट्टाच वाटली: त्वचा केवळ सरकेल एवढाच स्पर्श. त्याच्या जोडीला दाब देणारी बाही, सकाळी सूज सर्वांत कमी असते तेव्हा चढवायची. आपल्याकडच्या वैशाखात ती घालणे म्हणजे शिक्षाच. मी कित्येकदा ती दुपारी काढून फेकली आहे. भिंतीसमोर उभे राहून बोटे मुंगीसारखी वर वर चालवायची, आणि आज कोठवर पोचलो तेथे पेन्सिलीने खूण करायची. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर अशा पुष्कळ खुणा आहेत. घराला रंग देताना मी ती भिंत सोडावयास सांगितली.

पूर्वी अशा बायकांना "त्या हाताने काही उचलू नका" असे सांगत. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देखरेखीखाली, हळूहळू वाढवीत वजन उचलणाऱ्या स्त्रियांची सूज वाढली नाही, असे आढळले. हात अगदी निकामी ठेवणे बाईंच्या काळी शहाणपणाचे मानीत. आज तसे मानीत नाहीत. किरणोपचारही बदलला आहे. पुष्कळ रुग्णांना आता तीन आठवड्यांत पंधरा वेळाच किरण देतात, आणि काखेतील सर्व ग्रंथी सरसकट काढीत नाहीत.

काळजी मात्र घ्यावीच लागते. तव्याचा चटका, विळीचे कापणे, बागेतला काटा, यांतून त्या हातात जंतू शिरले तर हात लाल होतो, तापतो, अंगात कणकण येते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, लेप लावीत बसू नये. तसेच नवी गाठ, वाढत जाणारे दुखणे किंवा हाताची शक्ती कमी होणे, हे "शेकाचेच असेल" म्हणून अंगावर काढू नये, तपासून घ्यावे.

आणि बांगड्या. घट्ट चुडा त्या हाताला चालत नाही. एका लग्नात कासाराने माझा डावा हात धरला, मी तो मागे घेतला, आणि भोवतीच्या बायका गप्प झाल्या. सवाष्णीने एक हात मोकळा ठेवावा, हे कोणाला रुचेना. "हाताला सूज आहे," एवढे तीन शब्द मी बोलू शकले असते. जन्मभर शब्दांचा व्यवसाय केलेली मी, डोके दुखते म्हणून घरी निघून आले. मूळ अवयवाचे नावच चारचौघांत घेता येत नाही, मग त्याच्या उपचाराने दिलेल्या दुखण्याचे कसे घ्यावे? बाईंनी तो हात पदराखाली का ठेवला, हे मला त्या रात्री समजले.

आज मी बाही घालूनच आले आहे. पुढच्या रांगेतील मुलींनी ती केव्हाच पाहिली आहे. कार्यक्रमानंतर तासभर मी शिक्षककक्षात बसणार आहे. ज्यांना स्वतःसाठी, आईसाठी, पत्नीसाठी काही विचारावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. बाही हातात घेऊन पाहावी, चढवून पाहावी. तिथल्या भिंतीवर पेन्सिलीने खुणा करण्याची परवानगी मी मुख्याध्यापिकाबाईंकडून आधीच घेतली आहे.