अज्ञान आणि सज्ञान



वकिलीची सनद माझ्याजवळ नाही. कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता जेवढा कायदा वाचावा लागला, तेवढाच मला येतो. त्यातल्या एका शब्दाविषयी आज बोलणार आहे. खातेदार वारला की सातबाऱ्यावर त्याच्या लहान मुलाचे नाव लागते आणि सोबत 'अ. पा. क.' ही अक्षरे येतात. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अठरा वर्षे न भरलेल्याला कायदा 'अज्ञान' म्हणतो. मग तो पोरगा बाजाराचा हिशेब चुलत्यापेक्षा चोख करीत असला तरी!

काही देशांत वयाआधीच मुलाला पालकाच्या ताब्यातून मोकळे करण्याची सोय आहे. फ्रान्समध्ये सोळा वर्षांच्या मुलाला न्यायाधीश असे मोकळे करू शकतो. दूर कशाला, पोर्तुगिजांनी गोव्यात लागू केलेल्या १८६७ च्या नागरी संहितेतही विवाहाने किंवा आईबापांच्या संमतीने मूल वेळेआधी स्वतंत्र होण्याची तरतूद होती. आपल्याकडे १८७५ च्या कायद्याने अठराची रेषा आखली. न्यायालयाने पालक नेमलेला असल्यास ती एकविसावर जात असे. तो अपवाद १९९९ साली गेला. अठराच्या अलीकडे सुटका मात्र कोणत्याही अर्जाने होत नाही.

पोरगा सोळाव्या वर्षी मोठ्या माणसाएवढे राबतो, मग त्याच्या सहीला किंमत का नसावी, असे पुष्कळ तरुण कार्यकर्ते मला विचारतात. प्रश्न वाजवी आहे. पण सही मागणारा कोण आहे, तेही पाहावे लागते. आपल्या कर्जत तालुक्यातून, शेजारच्या बीडमधून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. समजा, हंगामातच बाप दगावला. मुकादम सोळा वर्षांच्या पोरापुढे कागद धरतो : "बापाची उचल तू फेड, इथे अंगठा कर." त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली कलकत्त्याच्या मोहरीबीबी खटल्यात दिला. अज्ञान मुलाकडून गहाणखत लिहून घेणारा सावकार तिथे हरला. बापाचे देणे वारसाकडून मागायचे, तर बापाने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतेच. पोराच्या अंगमेहनतीवर त्याचा बोजा चढत नाही. उद्या ही रेषा सोळावर आणली, तर सगळ्यांत आधी आनंद मुकादमाला होईल!

आता घराकडे वळू, कारण सगळा दोष मुकादमावर ढकलून भागणार नाही. उचल घेऊन पोराची मजुरी गहाण टाकणारे आईबापही होते, म्हणून १९३३ साली पंधरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत असे करार रद्द ठरवणारा कायदा करावा लागला. आणि मुलीचे काय? ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी पुरी व्हावी म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न उरकले जाते. लग्न झाले, आता ती मोठी झाली, असे आपण म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात विवाहित अज्ञान मुलीचा पालक तिचा नवरा. बापाच्या हाताखालून ती नवऱ्याच्या हाताखाली गेली, एवढेच झाले. मात्र २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने, वयाची वीस वर्षे पुरी होईपर्यंत असले लग्न रद्द करून मागण्याचा हक्क तिला दिला आहे. हे तिला माहेरी सांगतो कोण?

पालक झाल्याने मालकी येत नाही, हेही भावकीने ऐकावे. मुलाच्या नावावरची वेगळी जमीन पालकाने न्यायालयाच्या परवानगीवाचून विकली, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत ती विक्री रद्द करून घेता येते. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याला हा नियम लागत नाही. मेख आहे ती तिथे, म्हणून वाटणीचे कागद जपावेत. मुलाची मजुरी बापाच्या पटक्यात जाते, तिलाही वाट आहे. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः चालवता येते. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली तशी मुभा दिली. टोळ्या सध्या घरी आहेत. दसऱ्याच्या आत ज्यांना खाते उघडायचे असेल, त्यांनी व्याख्यानानंतर थांबावे. फॉर्म मी भरून देईन.