निवडून कोण येईल, हे कोणी ठरवायचे?

(वळ, ता. भिवंडी येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निवडणूक जाहीर झाली की प्रत्येक पक्षाच्या कचेरीत एकच प्रश्न ऐकू येतो : निवडून कोण येईल? इच्छुकाने कोणते काम केले, त्याचा विचार कोणता, निवडून गेल्यावर तो कोणाच्या बाजूने उभा राहील, हे प्रश्न मागाहून येतात; कित्येकदा येतच नाहीत. ‘निवडून येण्याची क्षमता’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या राजकारणात आता इतका रुळला आहे की, ती क्षमता धान्याच्या पोत्यासारखी काट्यावर ठेवून तोलता येते, असाच सर्वांचा समज झालेला दिसतो. हा काटा कोणाच्या हातात असतो, त्यात वजने कोणती घातली जातात आणि तोलणाऱ्याचा अंदाज चुकला तर त्याला जाब कोण विचारतो, याचा विचार वळसारख्या गावातील कार्यकर्त्यांनी तरी केलाच पाहिजे. कारण उन्हातान्हात दारोदार फिरायचे त्यांनी आणि उमेदवार ठरवायचा मुंबईत किंवा दिल्लीत, अशीच आजवरची वाटणी आहे.

या वाटणीचे मूर्त स्वरूप म्हणजे ‘एबी फॉर्म’. पक्षाच्या वतीने उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला, हे एका नमुन्यात आणि ती कोणाला दिली, हे दुसऱ्यात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हे दोन कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडले की उमेदवार पक्षाचा ठरतो. त्यावर सही कोणत्या चर्चेनंतर झाली, सभासदांना कोणी विचारले होते काय, हे कायदा विचारीत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ साली पक्षनोंदणीचे कलम आले. पक्षाने राज्यघटनेशी, समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा बाळगावी, असे त्यात सांगितले आहे. परंतु पक्षाने आपला उमेदवार लोकशाही मार्गाने निवडावा, असे बंधन नाही. सार्वत्रिक मतदानाची लोकशाही अशा रीतीने एका सहीच्या उंबरठ्यावर सुरू होते.

भिवंडीचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ साली भिवंडी लोकसभा मतदारसंघात पहिली निवडणूक झाली आणि काँग्रेसचे सुरेश टावरे विजयी झाले. २०१४ साली कपिल पाटील राष्ट्रवादी काँग्रेस सोडून निवडणुकीच्या तोंडावर भारतीय जनता पक्षात आले, त्यांना उमेदवारी मिळाली आणि ते निवडून आले. २०१९ सालीही त्यांनी टावरे यांचा पराभव केला; पुढे ते केंद्रात राज्यमंत्री झाले. २०२४ साली महाविकास आघाडीत या जागेवरून वाद झाला. काँग्रेसचा जागेवर दावा होता. ती गेली राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाकडे, आणि उमेदवारी मिळाली सुरेश म्हात्रे यांना. हेच म्हात्रे २०१४ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या वतीने येथून लढले होते. काँग्रेसचे स्थानिक कार्यकर्ते नाराज झाले. निकाल लागला तेव्हा म्हात्रे सुमारे ६६ हजार मतांनी विजयी झाले होते.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्यांनी ‘निवडून येण्याची क्षमता’ हा निकष लावला, त्यांचे गणित २०१४ साली बरोबर ठरले आणि २०२४ सालीही बरोबर ठरले. तेव्हा हा निकष म्हणजे निव्वळ थोतांड आहे, असे म्हणून भागणार नाही. हरण्यात कोणतेही पुण्य नसते. १९५२ साली मुंबई शहर उत्तर मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता एकत्र उभे राहिले आणि दोघेही पराभूत झाले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत मेहता निवडून आले, पण बाबासाहेबांना पुन्हा पराभव पत्करावा लागला. योग्यतेने मोठा असलेला माणूस आपोआप निवडून येतो, हा भाबडेपणा त्या दोन निकालांनी कायमचा मोडून काढावयास हवा होता. योग्य माणूस निवडून आणण्यासाठी संघटना, मित्रपक्ष आणि मतांचा हिशेब लागतोच. समाजवाद्यांनी या हिशेबाला तुच्छ लेखून आजवर पुष्कळ किंमत मोजली आहे.

हिशेब करावा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यात काय धरावे आणि काय सोडावे याबद्दल. बंद खोलीतील काट्यावर तीनच वजने असतात : पैसा, जात आणि माणसे जमविण्याची ताकद. आगरी किती, कुणबी किती, मुसलमान किती, आदिवासी किती, हे बोटांवर मोजले जाते. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, माणकोली या पट्ट्यात गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि त्याबरोबर निवडणुकीचा खर्च उचलू शकणारा एक वर्गही उभा राहिला. साहजिकच उमेदवार त्या वर्गातून किंवा त्याच्या संमतीने येतो. या गोदामांत पाठीवर माल वाहणारा हमाल मात्र मोजणीत नसतो. उत्तर प्रदेश, बिहार किंवा मराठवाड्यातून आलेल्या कित्येकांचे नाव येथील मतदारयादीत नाही. ज्याला मत नाही त्याचे वजन शून्य. महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा केला. परंतु त्या कायद्याचा लाभ प्रत्येक गोदामापर्यंत पोहोचवीन, असे म्हणणारा इच्छुक ‘निवडून येणारा’ ठरत नाही. जो मतदार नोंदला गेलेला नाही, तो नोंदवून घेणे हेही पक्षाचे कामच आहे, हे या हिशेबात कोणाच्या लक्षातच येत नाही.

दुसरे असे की, ही क्षमता जन्मजात नसते. ती घडविता येते. १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांच्याविरुद्ध जॉर्ज फर्नांडिस उभे राहिले. पाटील केंद्रीय मंत्री, तीन वेळा मुंबईचे महापौर झालेले, शहराचे अनभिषिक्त राजे म्हणून ओळखले जाणारे. समोर एक तरुण कामगार पुढारी. बंद खोलीतील काट्यावर फर्नांडिस यांचे वजन कोणी धरलेच नसते. कामगार संघटनेतील अनेक वर्षांचे काम आणि ‘पाटील यांचा पराभव होऊ शकतो’ हा विश्वास मतदारांत जागविणारा प्रचार, या दोहोंनी तो निकाल घडविला. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा विधानसभेवर गेले. ते १९७२ साली हरले आणि १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी हरले. ‘हरलेला उमेदवार’ म्हणून पक्षाने त्यांना दोन्ही वेळा बाजूला सारले असते, तर पुढचे विजय कोठून आले असते?

याहून बोलका पुरावा प्रत्येक गावात आहे. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीपूर्वी स्त्रिया निवडून येत नाहीत, म्हणून त्यांना उमेदवारी देता येत नाही, असे सगळे पक्ष सांगत. मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्या आंदोलनांतून पुढे येऊन विधानसभेत आणि लोकसभेत गेल्या, तरी त्यांना अपवाद समजले गेले. मग एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत ते प्रमाण निम्म्यावर नेले. हजारो स्त्रिया सरपंच झाल्या, जिल्हा परिषदांच्या अध्यक्ष झाल्या. मतदार तेच होते, गावे तीच होती. बदलला होता तो उमेदवारीचा नियम. अक्षमता मतदाराच्या मनात कमी आणि उमेदवारी वाटणाऱ्यांच्या मनात अधिक होती, हे याहून स्पष्टपणे कसे सिद्ध व्हावे? ज्याला उमेदवारीच मिळत नाही, तो निवडून येत नाही. आणि तो निवडून येत नाही, म्हणून त्याला उमेदवारी मिळत नाही. हे चक्र बाहेरच्या नियमानेच तुटले.

मग उपाय कोणता? अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठी प्राथमिक निवडणुका होतात. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ साली तसा कायदा केला, तो पक्षाच्या दलालांच्या हातून निवड काढून घेण्यासाठी. त्या निवडणुकांतही ‘जिंकू शकेल कोण’ हाच वाद रंगतो, आणि जाणकारांचे अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतात. १९७२ साली कार्यकर्त्यांच्या उत्साहावर मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि पन्नासपैकी एकच राज्य जिंकू शकले. उलट रेगन फार वयस्कर व फार टोकाचे म्हणून निवडून येणार नाहीत, असे पुष्कळांचे मत होते. १९८० साली त्यांनी ४४ राज्ये जिंकली. म्हणजे सभासदांचा कौल अचूक असतोच असे नाही. पण तेथे चूक झाली तर ती उघड्यावर होते, आणि ती कोणाची हेही सर्वांना दिसते.

आपल्याकडेही एक प्रयोग झाला. २०१४ साली राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील पंधरा-सोळा मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरविले. महाराष्ट्रातील वर्धा आणि लातूर त्यांत होते. वर्ध्यात सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांना मागे टाकले. सागर हे मावळत्या खासदारांचे, दत्ता मेघे यांचे पुत्र. चारुलता या प्रभा राव यांच्या कन्या. लातूरमध्ये दत्तात्रय बनसोडे यांची निवड झाली. सार्वत्रिक निवडणुकीत दोघेही दोन लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भारतीय जनता पक्षात गेले. टीकाकारांनी म्हटले, पाहा, कार्यकर्त्यांना विचारण्याचे हे फळ! हा निष्कर्ष उतावळा होता. त्या वर्षी काँग्रेसला महाराष्ट्रात ४८ पैकी दोनच जागा मिळाल्या. वरून दिलेले उमेदवारही तसेच पडले. दोष होता तो मतदार कोण होते यात. मताचा अधिकार सर्वसाधारण सभासदाला नव्हे, तर पदाधिकारी व लोकप्रतिनिधींच्या मर्यादित यादीला होता. असे मतदान प्रस्थापित घराण्यांच्या बाहेर जाणे कठीणच.

उलट, कोणतीच पद्धत नसली की काय होते, हे भिवंडी पश्चिम विधानसभा मतदारसंघाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखविले. आघाडीत जागा काँग्रेसच्या वाट्याला गेली आणि दयानंद चोरघे उभे राहिले. आपला उमेदवार अधिक मते घेईल या भरवशावर समाजवादी पक्षाने रियाज आझमी यांना उभे केले. एमआयएमचे वारिस पठाण होतेच. प्रत्येकाला वाटत होते की निवडून येण्याची क्षमता आपल्याच उमेदवाराकडे आहे. भारतीय जनता पक्षाचे महेश चौघुले तिसऱ्यांदा निवडून आले. मित्रपक्षांतील दावे अगोदर उघडपणे पारखून घेण्याची काही रीत असती, तर मतदारावर ते ओझे पडले नसते.

तेव्हा मागणी नेमकी करावयास हवी. उमेदवारी मागणाऱ्यांची नावे निवडणुकीपूर्वी निदान सहा महिने जाहीर व्हावीत. प्रत्येक गटात सभासदांच्या सभेपुढे त्यांनी उभे राहावे. काम, मालमत्ता, पूर्वी सोडलेले पक्ष आणि खर्च कोठून करणार, यांची उत्तरे द्यावीत. निदान एक वर्ष जुन्या सभासदाला गुप्त मतदानाचा हक्क असावा. गोदामाच्या ठेकेदाराने एका रात्रीत पाचशे पावत्या फाडून पाचशे ‘सभासद’ आणले, असे होऊ नये म्हणून वर्षाची अट आणि यादीची जाहीर तपासणी आवश्यक आहे. मित्रपक्षांची जागावाटणी या मतदानाआधी पुरी व्हावी. वरिष्ठांना कौल नाकारायचा असेल तर त्यांनी लेखी कारणे द्यावीत. आणि जो हरेल, त्याने जिंकलेल्याच्या प्रचाराला लागावे. ज्याला हे मान्य नाही, त्याने आरंभीच नाव देऊ नये.

‘या घटकेला हे परवडणार नाही, आधी जिंकू या, मग सुधारणा करू,’ असे दर निवडणुकीला सांगितले जाते. या एका वाक्यावर पक्षाच्या कित्येक पिढ्या खपल्या. पक्ष सोडून येणारा जिंकतो, हे एकदा मान्य केले की, पक्षात राहून काम करण्याला अर्थ उरत नाही. आज जो जिंकण्यासाठी आणला, तो उद्या जिंकण्यासाठीच निघून जातो. गावात पक्षाचा फलक तेवढा राहतो आणि फलकाखाली बसायला माणूस राहत नाही.

निवडून कोण येईल, हा प्रश्न सभासदानेही विचारावा, अवश्य विचारावा. वळच्या वाटेवर मालमोटारींच्या रांगेतून रोज सायकल काढणाऱ्या कार्यकर्त्याला येथल्या मतदाराची नाडी मुंबईच्या सर्वेक्षणापेक्षा कमी कळते, असे मानण्याचे काहीच कारण नाही. त्याच्याकडे त्या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न असतो, जो बंद खोलीत कोणी विचारीत नाही : निवडून येईल, पण कोणासाठी? हे दोन्ही प्रश्न एकाच सभेत, एकाच माणसाला विचारले जातील, तेव्हाच एबी फॉर्मवरील सहीला पक्षाची सही म्हणता येईल.